जावईबापूंनी बसवलेला पट्टा

आमचे जावई प्रेमराज या वेळी पिकअप मागणार आहेत, हे मला दिपमालाने दोंडाईच्याच्या स्टेशनवरच सांगितले. माझा मुलगा अमृत त्याच पिकअपमध्ये बॅगा टाकत होता. जावईबापू फलाटावरच्या नळाखाली गॉगल धूत होते. तेवढ्या वेळात मुलगी माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आबा, उद्या नाही, परवा ताटावर ते गाडी मागतील. सावद्याहून निघतानाच ठरवून निघालेत. आईला आत्ता बोलू नका, ती आजच चावी काढून देईल."

धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना देवाचा आणि त्याखालोखाल जावयाचा. लेक-जावयाला बोलवायचे, पुरणाचे धोंडे करून तुपात बुडवून खाऊ घालायचे, वाण द्यायचे, हे सगळीकडेच आहे. आमच्या घरी मात्र त्याला एक शेपूट आहे. ताट वाढले की जावई लगेच हात लावत नाही. सासूने विचारायचे, काय हवे? जावयाने मागायचे, आणि तो म्हणेल ते द्यायचे. शहाणी माणसे हे आधीच ठरवून ठेवतात. जावई शर्टपीस मागतो, सासू आतून शर्टपीस आणते, सगळे हसतात आणि जेवतात. आमच्या जावयांनी हा प्रकार खरा मानला. पहिल्या धोंड्याला त्यांनी अंगठी मागितली. दुसऱ्या धोंड्याला अमृतची मोटारसायकल मागितली. ती आता कोणत्या गावी, कोणाकडे आहे, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

आणि आता पिकअप. तिच्यावर अमृत मार्केट यार्डातली मिरचीची पोती वाहतो, लग्नसराईत मंडपाचे खांब वाहतो, काहीच नसले तर विटा वाहतो. ती गेली तर तो पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसणार, जसा आधी सहा-सात वर्षे बसत होता. हे मला कळत होते. दिपमालाला कळत होते. जावईबापूंनाही कळत असावे, पण त्यांना त्याचे काही वाटत नव्हते.

आता कोणी म्हणेल, बाप म्हणून सरळ नाही म्हणायचे होते. मीही तसे म्हणतो, पण मनात. मी आयुष्यभर नगरपालिकेच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसलो. तिथे मोठ्याने बोलायची वेळ येत नाही, आणि न बोलण्याची सवय मग घरीही येते. शिवाय भागाबाई, म्हणजे माझी बायको, तिचे या बाबतीत एकच वाक्य आहे. "धोंड्याना महिनामा जवाईले नही म्हनू नये. मन्ही मायनी कधी म्हनं नही, मी बी म्हनाव नही." तिच्या आईने कधी नाही म्हटले नाही हे खरे आहे. मला तिकडून चांगले घड्याळ मिळाले होते. मी मागितले नव्हते, पण नकोही म्हटले नव्हते.

स्टेशनवरून गाडी सुरू केली तशी बॉनेटखालून एक लांब किंचाळी निघाली.

"पट्टा," अमृत म्हणाला. "आठवडाभर ओरडतोय. बदलायचा आहे. मुख्तारभाई मालेगावला लग्नाला गेलेत, ते आले की टाकतो."

"मुख्तार कशाला लागतो?" प्रेमराज म्हणाले. "आमच्याकडे असल्या गोष्टीला कोणी मिस्त्रीकडे जात नाही. केळीचा चीक लावला की पट्टा गप्प."

"केळीचा चीक?"

"सावद्याच्या माणसाला विचारतोस? चीक हाताला लागला तर आठ दिवस निघत नाही. पट्टा पुलीला धरून बसतो. घसरणार कुठे?"

हे ऐकून मी खिडकीबाहेर पाहिले. ज्याच्या गावात जे पिकते ते त्याला सर्व रोगांवर औषध वाटते, असे कुठेतरी वाचले होते की मीच मनाशी म्हटले होते, आठवत नाही. मिरचीच्या गावचा माणूस पट्ट्याला मिरची लावत नाही, एवढे मला तेव्हा सुचले. पण तोवर गाडी घरी पोहोचली होती.

मोरीच्या सांडपाण्यावर भागाबाईने एक केळ वाढवली होती. दोंडाईच्याच्या उन्हाळ्यात केळ जगवणे म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. केळीला नुकतेच केळफूल आले होते. जावईबापूंनी विळा मागितला आणि बूट न काढता मोरीत उतरून एका घावात केळ आडवी केली. भागाबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटले, आता बोलेल. ती म्हणाली, "विळा जपीसन धरा, जवाईबापू, धार शे त्याले."

खोडातला चीक वाटीत गळत राहिला. दिवाबत्तीच्या वेळी ते इंजिनात हात घालून पट्ट्याला चीक चोळत होते आणि शेजारचा हिलाल कुंपणावर कोपरे टेकून बघत होता. हिलाल यार्डात मापाडी आहे. गावात कुठेही बॉनेट उघडले, खड्डा खणला किंवा भांडण झाले की तो तिथे असतो. मदतीला नव्हे, बघायला.

"काय लावी ऱ्हायनात, पाव्हणा?"

"चीक."

"आरे वा. आनि केळं कव्हय लागतीन बॉनेटले?"

जावईबापू हसले नाहीत. गाडी सुरू केली. किंचाळी खरोखर बंद झाली होती. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच वर्षानुवर्षे चिकाच्या विरुद्ध लिहीत आलो आहे. "काय मामा? हे तुमच्या पुस्तकात नसेल."

"नसावं," मी म्हणालो. आणि एक क्षण मला खरेच वाटले, आपणच चुकत असू. हे माझे नेहमीचे आहे. समोरचा माणूस कितीही मूर्ख असला तरी त्याच्या आवाजात खात्री असली की मी स्वतःचे डोके तपासू लागतो.

सकाळी अमृत पोती आणायला निघाला आणि गल्लीच्या तोंडाशीच फटफट आवाज होऊन गाडी थांबली. रात्रभरात चीक वाळून डांबरासारखा काळा झाला होता. त्याने पट्टा पुल्यांना असा चिकटवला होता, की ताण पडताच आधीच झिजलेला पट्टा उभा फाटला. त्याच्या दोऱ्या पंख्यात गुंडाळल्या होत्या. गाडी ढकलत अंगणात आणली.

"पट्टाच हलका होता," जावईबापू म्हणाले. "चिकाने त्याचं खरं रूप दाखवलं."

अमृत बाजारात जाऊन नवा पट्टा घेऊन आला. आतल्या बाजूला लांबच लांब खाचा, पाठीची बाजू सपाट; सगळ्या पुल्यांना एकच पट्टा फिरवतो, डायनामोला, पाण्याच्या पंपाला, सगळ्याला. तो बसवायला अमृत खाली वाकला तेवढ्यात जावईबापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केले.

"मी बसवतो. माणसाने गाडी आपल्या हाताखालून काढून बघावी. आतून कशी आहे ते कळतं."

ज्याला गाडी घ्यायची आहे तो असे बोलतो. अमृतलाही ते कळले. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी माझ्या चपलांकडे.

त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. कपाटातला नवा टॉवेल काढून आणायला लावला, तो खांद्यावर टाकला. मोबाईलवर एक व्हिडिओ लावून मोबाईल बॅटरीवर टेकवला. व्हिडिओतली गाडी वेगळीच होती, पण त्यातला माणूस फार आत्मविश्वासाने बोलत होता. दिपमालाच्या हातात टॉर्च दिला. भर दुपारच्या उन्हात टॉर्च कशाला, असे कोणी विचारले नाही. बॉनेटखाली अंधार असतो हे खरे, पण हातात टॉर्च धरून बायको उभी असली की काम मोठे दिसते, हेही खरे.

"पाना दे. हा नाही. तो. अगं तो."

"हा?"

"तुला पाने कळत असते तर काय पाहिजे होतं."

दिपमालाने पाना दिला. लग्नाआधी ती घरात सगळ्यांत जास्त बोलायची.

ताण देणाऱ्या पुलीला पाना लावला, पान्यात लोखंडी पाईप घातला, अमृतने पाईप दाबून धरला आणि जावईबापू नवा पट्टा फिरवू लागले. जुना पट्टा कसा फिरत होता हे बघून ठेवायची सोयच नव्हती. तो दोऱ्या होऊन पडला होता. पुल्यांवरचा वाळलेला चीक त्यांनी पान्याच्या टोकाने खरवडला, थोडा. मग वरून, खालून, पुन्हा वरून. एकदा पट्टा लांब पडला. एकदा आखूड पडला. हिलाल कुंपणावरून मोजत होता.

"जवाईना हात शे, भो. पट्टा बी घाबरी गया."

"तुम्ही जरा गप्प बसता का?"

"मी काय बोलनू? मी तं पट्ट्याशी बोली ऱ्हायनू."

तेवढ्यात पट्टा बसला. ताण सोडला, पट्टा ताठ झाला. जावईबापूंनी हात वर केले, आणि टॉवेल काळा झाला.

मी खुर्ची जरा पुढे घेतली होती. जुन्या पट्ट्याचा एक लांब तुकडा माझ्या पायाशी पडला होता. मी तो सहज उचलून पाहिला. खाचांच्या बाजूला खाचा झिजल्या होत्या, ते ठीक. पण पाठीची सपाट बाजूही घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. म्हणजे पाठही कशावर तरी फिरत होती. मी बॉनेटखाली पाहिले. बाकीच्या पुल्यांना खाचा होत्या. पाण्याच्या पंपाची पुली तेवढी सपाट होती. आणि जावईबापूंनी पट्ट्याची खाचांची बाजू त्या सपाट पुलीवर घातली होती. खाचांची बाजू खाचांवर, सपाट बाजू सपाटावर, एवढे साधे. त्यांनी पट्टा पंपाच्या दुसऱ्या अंगाने घेतला होता. पंप उलटा फिरणार होता. पाणी इंजिनात फिरणार नव्हते, इंजिन तापत जाणार होते.

माझे तोंड उघडले होते. हे मला आठवते, कारण हिलालने विचारले, "काय आबा, काय म्हनतस?"

मी तोंड मिटले.

का मिटले, याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही मला आवडत नाहीत. एक म्हणजे, मला खात्री नव्हती. मी इंजिनाची माहिती पुस्तकात वाचलेली, तीही कित्येक वर्षांपूर्वी. अमृतलाही तर काही दिसले नव्हते. पण अमृत पाईप धरून खाली वाकला होता, त्याला पंप दिसण्यासारखा नव्हता. दुसरे म्हणजे, मला वाटले, फिरू दे उलटा. या माणसाची ही गाडी घ्यायची लायकी आहे का ते गाडीनेच सांगावे. मला जे सांगता येत नाही ते तिने सांगावे.

"चला मामा," जावईबापू म्हणाले, "एक चक्कर मारून येऊ."

भागाबाई दारातून म्हणाली, "जा ना त्यासना संगे. जवाई एकला जाईन का?"

मी बसलो.

शिंदखेड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार उतरत होती, तरी वारा भट्टीतून आल्यासारखा होता. जावईबापू एका हाताने चालवत होते. दुसरा हात खिडकीबाहेर होता.

"गाडी बरी आहे," ते म्हणाले. "रंग बदलावा लागेल. आणि मागे मोठ्या अक्षरात लिहून घेईन, सावद्याचा राजा."

"कोणासाठी?"

"म्हणजे?"

"काही नाही. लिहून घ्या."

"मामा, तुम्ही फार कमी बोलता. दिपमालाही तशीच. घरात दोन माणसं मुकी असल्यावर तिसऱ्याला बोलावंच लागतं."

इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या समोरच्या काट्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. माझे होते. काटा मधल्या रेघेवर आला, तिथे न थांबता वर गेला, लाल भागाच्या कडेला टेकला. ते केळीच्या भावाबद्दल बोलत होते. सावद्याचे व्यापारी त्यांना कसे घाबरतात, एकदा एका अडत्याला त्यांनी कसे सगळ्यांसमोर गप्प केले. ही गोष्ट मी चौथ्यांदा ऐकत होतो. प्रत्येक वेळी अडत्या अधिक लठ्ठ व्हायचा. काटा लाल भागात शिरला. आता सांगितले पाहिजे, इंजिन कायमचे जाईल, अमृतचेच नुकसान होईल, असे मी स्वतःला सांगत होतो. आणि सांगत नव्हतो.

मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली, आधी एका बाजूने, मग सगळीकडून. ते घाबरले. गाडी निंबाखाली थांबवून त्यांनी इंजिन बंद केले, उडी मारून खाली उतरले, बॉनेट उघडले आणि खांद्यावरचा तोच काळा टॉवेल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

मी त्यांचे मनगट धरले. माझ्यात इतकी ताकद असेल असे मला वाटले नव्हते.

"झाकण उघडू नका. तोंड भाजेल."

"सोडा मामा, मला शिकवू नका—"

तेवढ्यात झाकणाच्या कडेने उकळत्या पाण्याची एक पिचकारी टॉवेलवर आली. त्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलेही नाही. पण नंतरचा अर्धा तास, ट्रॅक्टर मिळेपर्यंत, ते आपले मनगट दुसऱ्या हातात धरून निंबाखाली उभे होते. तेवढ्या वेळापुरता मला त्यांचा रागही आला नाही. शाळेत भांडण हरलेला पोरगा दिसतो तसे ते दिसत होते. मग त्यांना आवाज सापडला आणि माझी सहानुभूती संपली.

"मेलेलं जनावर आहे हे," ते म्हणाले. "इंजिनात दमच नाही."

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी बाजारातून ओढत आणली. जावईबापू स्टीअरिंगवर होते आणि गॉगल लावून सरळ समोर बघत होते, जणू पुढचा ट्रॅक्टर त्यांनीच भाड्याने सोडला आहे. आमच्या गल्लीत हिलाल वाटच बघत होता.

"चहानी किटली शे का गाडी? साखर तरी टाकी आनतात."

त्या संध्याकाळी जेवताना जावईबापू इंजिनाविषयी सविस्तर बोलले. गाडी अमृतने वापरून वापरून पिळून काढली आहे, पिस्टन गेले असणार, हेड गेले असणार, नवा पट्टा असली इंजिने पेलत नाहीत. अमृत खाली मान घालून जेवत होता. भागाबाईने तोवर जावयाच्या मनात काय होते हे ओळखले होते. ती फार दुःखी झाली. गाडी बिघडली म्हणून नव्हे, द्यायला काही उरले नाही म्हणून.

मी मात्र, खरे सांगायचे तर, खूष होतो. आतून. रात्री आडवा झालो तेव्हा मनात म्हणत होतो, तू काही बोलला नाहीस आणि गाडी वाचली. बोलणारे काय कमावतात?

दुसऱ्या दिवशी धोंड्याचे जेवण झाले. भागाबाई पहाटेपासून खापरावर मांडे करत होती, शेजारच्या दोघी पुरण वाटून धोंडे वळत होत्या, आंब्याचा रस पातेलेभर. पाट मांडला, रांगोळी काढली, समई लावली. जावईबापू नव्या कपड्यांत बसले. ताट वाढले. त्यांनी हात मांडीवर ठेवले. रिवाजाप्रमाणे भागाबाई समोर बसली.

"काय देऊ, जवाईबापू? मांगा."

"काय मागायचं?" ते म्हणाले. "काय आहे तुमच्याकडे मागण्यासारखं? मनात होतं ते सांगतो. पिकअप मागणार होतो. पण ह्या घरात एकही वस्तू धड नाही. जे घ्यायला जावं ते आतून सडलेलं."

हे म्हणताना त्यांनी एकदा दिपमालाकडे पाहिले. ती तुपाची वाटी घेऊन उभी होती. मला वाटते, ते पाहणे आम्ही सगळ्यांनीच पाहिले. अमृतची मूठ आवळली. मी समईची वात पुढे सारत होतो. ती आधीच पुढे होती.

"गाडीत काही बिघाड नाही," दिपमाला म्हणाली.

तिने वाटी खाली ठेवली नाही. आवाजही चढवला नाही. "पट्टा उलटा बसलाय. पंपाची पुली सपाट आहे, तिच्यावर खाचांची बाजू आलीये. टॉर्च माझ्याच हातात होता. सरळ करून घेतला की गाडी पहिल्यासारखी चालेल."

हिने हे काय केले? एवढी वाचलेली गाडी हिने आपल्या हाताने ताटात ठेवली! आता हा माणूस हसेल, म्हणेल, असं होय, मग करा सरळ आणि द्या. भागाबाईचे डोळे चमकलेच होते. "म्हंजे गाडी चांगली शे?" तिने विचारले.

"चांगली आहे," दिपमाला म्हणाली. "ह्यांचं बसवताना चुकलं, एवढंच."

प्रेमराजांचा चेहरा हळूहळू लाल झाला. कानांपासून सुरुवात झाली.

"माझं चुकलं?"

"हो."

"मी बसवलेला पट्टा उलटा? सावद्यात ट्रॅक्टर, पंप, चार-चार इंजिनं मी बघतो, आणि तू मला सांगतेस? टॉर्च धरला म्हणून मिस्त्री झालीस?"

"बघून घ्या ना. उन्हात उभीच आहे गाडी."

"मला बघायची गरज नाही. गाडी भंगार आहे. भंगार! पट्ट्याने काय होतंय? फुकट दिली तरी मी ती सावद्याला नेणार नाही. लोक हसतील."

"म्हणजे नको?"

"नको!"

"नक्की?"

"शंभर वेळा नको. आता काय लिहून देऊ?"

दिपमाला आईकडे वळली. "ऐकलंस ना गं? नको म्हणतात. आता दुसरं काहीतरी विचार. मांडे गार होतायत." आणि तिने वाकून त्यांच्या ताटात तूप वाढले, भरपूर.

मला समजायला जरा वेळ लागला. मी पुस्तकांत हजारो माणसे वाचली, पण हा एक माणूस तिने रोज, जवळून वाचला होता. पट्टा सरळ केला तर गाडी चालणार, आणि गाडी चालली तर पट्टा उलटा होता हे सिद्ध होणार. त्यापेक्षा तो गाडी सोडेल, हे तिला पक्के ठाऊक होते. माझ्या गप्प बसण्याने गाडी फक्त संध्याकाळपुरती वाचली होती. अमृतने आज ना उद्या पट्टा सरळ केलाच असता, आणि मग फोन आला असता, काय म्हणते गाडी? मी रात्री ज्याचा एवढा अभिमान बाळगत झोपलो होतो ते शौर्य एवढेच होते. आणि त्याची किंमत, दिवसभर 'तुला पाने कळत असते तर' हे ऐकून घेण्याची, तिने दिली होती.

जावईबापूंनी शेवटी भागाबाईने आणून ठेवलेला चांदीचा पेला घेतला, कपाळाला आठ्या घालून. धोंडे मात्र त्यांनी आठ्या न घालता खाल्ले. नंतर ते पंख्याखाली झोपले.

ते घोरत होते तेव्हा अमृतने बॉनेट उघडले. त्याने पुल्यांवरचा चीक साबणाच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने धुतला. मी पाईप दाबून धरला. त्याने पट्टा काढून पंपाच्या दुसऱ्या अंगाने घेतला, पाठीवरून. आता तो आपोआप बसला, एका हाताने. रेडिएटर थंड होता. त्यात पाणी भरले.

"आबा," अमृत वर न बघता म्हणाला, "तुम्हाला काल दिसलं होतं ना?"

"वाटलं होतं."

"मग?"

"खात्री नव्हती."

त्याने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मी विचारला नाही. चावी फिरवली, इंजिन सुरू झाले, आम्ही दोघे काट्याकडे बघत बराच वेळ बसलो. काटा मधल्या रेघेपाशी येऊन थांबला, तिथेच राहिला.

भुसावळकडची गाडी संध्याकाळी होती. पिकअप अंगणात चालू होऊन उभी होती, तरी जावईबापूंनी रिक्षा बोलावली. भंगारात बसणार नाही म्हणाले. बॅगा जड होत्या, त्या मात्र भंगारात टाकल्या. रिक्षा पुढे गेली. मागून पिकअपमध्ये आम्ही तिघे पुढच्या सीटवर, अमृत, मी आणि मध्ये दिपमाला, लहानपणी बसायची तशी गिअरला गुडघा लागू नये म्हणून पाय आखडून.

मला काहीतरी म्हणायचे होते. मी म्हणालो, "आता तीन वर्षं तरी काही मागणार नाहीत."

"पुढच्या धोंड्याला घर मागतील," ती म्हणाली. "तोवर छत गळतं करून ठेवा."

अमृत हसला. मीही हसलो. मग मी विचारले, कारण विचारायलाच हवे होते, "आणि तू?"

"मला काय? मला त्यांनी केव्हाच मागून नेलंय. तेव्हा तुम्ही दोघांनी कुठं काय बिघडवून ठेवलं होतं?"

ती हे हसतच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. या वेळी खात्री नाही असेही म्हणता येत नव्हते. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

स्टेशनच्या आवारात जावईबापू रिक्षाजवळ गॉगल लावून उभे होते. पिकअप त्यांच्यासमोर येऊन थांबली. कुठेही आवाज नाही, वाफ नाही. त्यांनी बॉनेटकडे पाहिले, मग अमृतकडे.

"आली का शेवटी?" ते म्हणाले. "चालते वाटतं अजून."

"कुठली चालते, दाजी," अमृत म्हणाला, "घरापासून ढकलत आणली."

दिपमालाने तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलत होते. मग ती खाली उतरली, मागची फळी पाडली आणि स्वतःच बॅगा काढू लागली.